रबर दुर्वाहक आहे? पण कोणते रबर?



विज्ञानाच्या वहीत तुम्ही कधी ना कधी एक तक्ता काढलेला असेल. मधोमध एक उभी रेघ. डावीकडे 'सुवाहक' : चांदी, तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड. उजवीकडे 'दुर्वाहक' : लाकूड, काच, रबर, प्लॅस्टिक. हा तक्ता प्राथमिक शाळेत भेटतो, माध्यमिक शाळेत पुन्हा भेटतो आणि परीक्षेत 'वेगळा शब्द ओळखा' या प्रश्नाच्या रूपाने एक गुण देऊन जातो. माझे म्हणणे असे की, आठवीच्या पुढे त्या तक्त्यातील उभी रेघ पुसून टाकावी. ती रेघ अपुरी आहेच, पण काही ठिकाणी ती सरळसरळ चुकीची आणि धोक्याची आहे. हे म्हणणे मी एकट्या रबराच्या साक्षीवर मांडणार आहे. फार तर थोडे प्लॅस्टिक सोबत घेऊ.

घरात दूरचित्रवाणीचा एखादा निकामी रिमोट असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून तो उघडा. त्यातील सेल आधी काढून ठेवा. बटणांची रबरी चादर उलटी केलीत की प्रत्येक बटणाच्या पोटाशी एक काळी गोल टिकली दिसेल. ही टिकलीही रबराचीच असते. बटण दाबले की ती खालच्या पाटीवरील तांब्याच्या दोन पट्ट्यांवर टेकते आणि मंडल पूर्ण होते. ती दुर्वाहक असती, तर तुमच्या घरातला रिमोट कधी चाललाच नसता. मल्टिमीटरची दोन टोके त्या टिकलीवर टेकवून पाहा. काही दशक किंवा काही शेकडा ओहम रोध दिसेल. आता तीच टोके शेजारच्या करड्या रबरावर ठेवा. आकडा हलणार नाही. चादर एकच, दोन्ही भाग रबराचेच; पण एक वीज नेतो आणि दुसरा नेत नाही.

शाळेतल्या नेहमीच्या प्रयोगात ही टिकली मात्र नापास होते, आणि त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. आपण दोन सेल आणि विजेरीचा छोटा दिवा घेऊन, मधल्या फटीत एकेक वस्तू ठेवून 'दिवा लागला की सुवाहक' असा निकाल देतो. त्या दिव्याला उजळायला साधारण पाव अँपिअर प्रवाह लागतो. दोन सेलांचे विभवांतर ३ व्होल्ट. मंडलात १०० ओहमचा रोध आला की प्रवाह ३० मिलिअँपिअरवर येतो आणि दिवा लागत नाही. आपण वहीत लिहितो, 'दुर्वाहक'. आता दिव्याऐवजी एलईडी घ्या, ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि एलईडीच्या रक्षणासाठी १ किलोओहमचा रोधक जोडा. मधल्या फटीतील वस्तूचा रोध १०,००० ओहम असला तरी एलईडी मंद का होईना, पण दिसेल इतका लागतो. म्हणजे कालच्या तासाला दुर्वाहक ठरलेली वस्तू आज सुवाहक झाली! वस्तू बदलली नाही. बदलला तो न्यायाधीश. आपल्या तक्त्यातील ती रेघ निसर्गाने काढलेली नसून विजेरीच्या दिव्याने काढलेली आहे.

मग ही काळी टिकली आहे तरी काय? रबर किंवा प्लॅस्टिक हे बहुवारिक पदार्थ. हजारो लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बहुवारिकाचा एकेक लांबलचक रेणू बनतो. या साखळ्यांमधील इलेक्ट्रॉन आपापल्या बंधांत अडकलेले असतात, म्हणून शुद्ध पॉलिथिलीन वीज नेत नाही. त्याची रोधकता तांब्याच्या रोधकतेच्या निदान १ वर २२ शून्ये इतकी पट भरते. अशा बहुवारिकात कारखान्यात काजळी मिसळतात. समईच्या ज्योतीवर थाळी धरली की जी काळी पूड धरते, तिचीच ही मोठ्या प्रमाणावर, खनिज तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून केलेली भावंडे. कार्बनचे हे रूप बऱ्यापैकी वीज नेते. रबरात काजळी मिसळून जे संमिश्र तयार होते, तीच आपली टिकली.

(येथे एक खुलासा केलेला बरा. शिराकावा, मॅक्डायर्मिड आणि हीगर यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते स्वतःच्याच रेणूंतून वीज नेणाऱ्या बहुवारिकांबद्दल. तो विषय निराळा. आपल्या टिकलीतले रबर शेवटपर्यंत दुर्वाहकच राहते. वीज नेते ती त्यात पसरलेली काजळी.)

आता खरा प्रश्न. किती काजळी घातली म्हणजे रबर वीज नेऊ लागेल? आपल्याला त्रैराशिकाची इतकी सवय झालेली असते की, 'जितकी काजळी तितकी वीज' असे उत्तर तोंडात येते. पाच टक्क्यांना अमुक, तर दहा टक्क्यांना दुप्पट. प्रत्यक्षात तसे घडत नाही. थोडी काजळी घाला, रोधात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आणखी घाला, तरीही नाही. मग एका ठरावीक प्रमाणाच्या आसपास, टक्का-दोन टक्क्यांच्या फरकाने, रोधकता एकदम कोसळते. ती निम्मी किंवा पाव होत नाही, तर लाखो-कोट्यवधी पटींनी घटते. त्यानंतर आणखी काजळी घातली तर पुन्हा फरक थोडा थोडा. याचा आलेख काढला तर तो उतारासारखा दिसत नाही, सह्याद्रीच्या कड्यासारखा दिसतो : वर पठार, मध्ये सरळ कडा, खाली कोकणपट्टी.

कारण समजायला ओढ्याकाठी चला. ओढ्याच्या पात्रात दगड टाकायचे आहेत, पण डोळे मिटून, कुठेही. दहा दगड पडले. पलीकडे जाता येत नाही. पन्नास पडले, इथे तिघांचा एक पुंजका, तिथे पाचांचा, पण काठ काही जुळत नाहीत. आणि मग एखादा दगड असा पडतो की दोन मोठे पुंजके जोडले जातात आणि या काठापासून त्या काठापर्यंत वाट तयार होते. त्या एका दगडाने काय केले? आधीचे सगळे दगड त्याच्यामुळे कामाला लागले. काजळीच्या कणांचे तसेच आहे. कण एकमेकांना टेकलेच पाहिजेत असेही नाही. दोन दगडांत टांगेएवढे अंतर चालते, त्याप्रमाणे दोन कणांमध्ये रबराचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असला तरी इलेक्ट्रॉन तो पार करू शकतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुंज यामिकीतील हा चमत्कार पुढे महाविद्यालयात तुम्हाला नीट शिकायला मिळेल.

ज्या प्रमाणाला पहिली वाट जुळते त्याला आपण उंबरठा म्हणू. या विषयाचे गणित १९५७ साली सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमरस्ली या इंग्रज गणितज्ञांनी मांडले. त्यांच्यापुढे रबर नव्हते. ब्रॉडबेंट विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यातील कार्बनच्या गाळणीवर काम करीत होता आणि कार्बनच्या छिद्रांच्या चक्रव्यूहातून वायू आतपर्यंत पाझरेल की नाही, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून या सिद्धांताला पाझर सिद्धांत म्हणणे योग्य. पुढे १९७४ साली काही संशोधकांनी काच आणि धातू यांच्या सारख्या आकाराच्या गोळ्या एकत्र मिसळून त्यातून वीज जाते का ते पाहिले. शेकडा सुमारे २७ गोळ्या धातूच्या झाल्या की वाट जुळत होती. गोळ्यांमधील पोकळीही हिशेबात धरली तर एकूण आकारमानाच्या सुमारे १७ टक्के धातू झाला. गणिताने काढलेले उत्तर १६ टक्क्यांच्या आसपास होते. इतक्या साध्या प्रयोगाने इतका जवळचा आकडा यावा, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

पण हे गोल गोळ्यांपुरते झाले. काजळीचे कण सुटे गोल नसतात. दहा ते शंभर नॅनोमीटरांचे बारीक गोलक भट्टीतच एकमेकांना चिकटून त्यांचे द्राक्षांच्या घडासारखे, फांद्या फुटलेले पुंजके बनतात. घड जितका पसरट तितका त्याचा हात लांब पोचतो, आणि म्हणून कमी काजळीत वाट जुळते. ॲसिटिलीन वायूपासून केलेली काजळी या कामी विशेष चांगली, ती याच कारणाने. आणखी पुढे जा. ओढ्यात दगडांऐवजी लांब बांबू टाकले तर? थोडक्याच बांबूंत काठ जुळतील. जपानच्या सुमिओ ईजिमांनी १९९१ साली ज्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले त्या कार्बनच्या नॅनोनलिका म्हणजे असे बांबूच. जाडीच्या मानाने त्यांची लांबी हजारपट असू शकते. त्यांच्या बाबतीत उंबरठा एक टक्क्याच्याही खाली येतो. म्हणजे एकच बहुवारिक, एकच मूलद्रव्य, प्रमाणही तेवढेच. तरी आतली ठेवण बदलली की पदार्थ तक्त्याच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. इतकेच काय, मिश्रण यंत्रात जास्त वेळ रगडले तर घड मोडतात, वाटा तुटतात आणि रोध वाढतो! कणीक किती मळली यावर पोळी अवलंबून असते, तसेच हे.

आता मी ज्याला धोका म्हणालो त्याकडे येतो.

शेतात ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. पाण्याचे जाड काळे पाइपही पाहिले असतील. ते पॉलिथिलीनचे असतात, आणि उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांत साधारण दोन-अडीच टक्के काजळी घालतात. हे प्रमाण उंबरठ्याच्या बरेच खाली असल्यामुळे असा पाइप वीज नेत नाही. मोटारीच्या टायरमध्येही काजळीच असते, पण ती वजनाच्या पाव हिश्शाच्या घरात. ती घालतात झीज कमी व्हावी म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शोध लागण्याआधी टायर पांढरट असत. तेथे उंबरठा ओलांडलेला असतो, त्यामुळे टायर थोडीशी का होईना, वीज नेतो. पाइपही काळा, टायरही काळा. रंगावरून काहीच कळत नाही, नावावरून तर त्याहून नाही. आणि आपण मात्र मुलांना नाव पाठ करायला लावतो.

'वादळात मोटारीत बसावे, कारण टायर रबराचे असतात' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. सल्ला बरोबर, कारण साफ चूक. ढगातून निघालेली वीज हवेसारख्या दुर्वाहकातून किलोमीटरच्या किलोमीटर अंतर तोडून येते. तिला टायरच्या वीतभर रबराची काय मातब्बरी? मोटारीत माणूस वाचतो तो भोवतालच्या धातूच्या सांगाड्यामुळे, कारण प्रवाह त्या सांगाड्याच्या बाहेरून जमिनीत जातो. हे कारण ज्याला माहीत नाही, तो 'टायर रबराचेच आहेत की' असे म्हणून वादळात खुशाल सायकल चालवील.

पायातल्या जोड्यांचेही तसेच. 'रबरी चप्पल घातली की शॉक बसत नाही' असे म्हणून ओल्या न्हाणीघरात खटक्याला हात लावणारे लोक आपल्या आसपास आहेत. झिजलेल्या, भिजलेल्या, कशाकशाचे मिश्रण आहे ते ठाऊक नसलेल्या रबराने रक्षण होईल अशी हमी कुणी दिलेली नसते. वीजमंडळाचे कामगार जे रबरी हातमोजे घालतात, ते ठरावीक विभवांतराला तपासून तसा छाप मारलेले असतात. तेथे भरवसा चाचणीवर असतो, 'रबर' या नावावर नव्हे.

याच्या उलट टोकाला असे बूट आहेत की ज्यांच्या तळव्यांत मुद्दाम कार्बन घालतात. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यात किंवा ज्वालाग्राही वाफा असलेल्या ठिकाणी चालताना अंगावर स्थिरविद्युत् साचली तर एका ठिणगीने अनर्थ होईल. पूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी ईथरसारखी पेट घेणारी भुलीची द्रव्ये वापरीत, त्या काळी शस्त्रक्रियागृहातील गाड्यांची चाके आणि नळ्याही अशाच कार्बनयुक्त रबराच्या असत. आता बुटांचे आकडे पाहा, कारण माझ्या मते या एका उदाहरणात दुरेघी तक्त्याचे सगळे अपुरेपण दिसते. स्थिरविद्युत् रोखणाऱ्या बुटाचा रोध आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १ लाख ओहम ते १०० कोटी ओहम यांच्या दरम्यान असावा लागतो. वरची मर्यादा कशासाठी? अंगावर साचलेला विद्युत्भार क्षणार्धात जमिनीत निघून जावा म्हणून. आणि खालची? ओहमचा नियम तुम्हाला येतो. शरीराचा रोध सोडून देऊ आणि एकच पाय जमिनीवर आहे असे धरू. अशा माणसाचा हात चुकून २३० व्होल्टच्या तारेला लागला, तर १ लाख ओहमच्या बुटातून २.३ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. झिणझिणी येईल, माणूस हात झटकेल. तोच बूट १० हजार ओहमचा असता, तर प्रवाह झाला असता २३ मिलिअँपिअर. इतक्या प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात आणि तार सोडवत नाही. म्हणजे हा बूट फार चांगला दुर्वाहक असून चालत नाही आणि फार चांगला सुवाहक असूनही चालत नाही. त्याला मधलीच जागा हवी. सांगा, तो तुमच्या तक्त्यात कुठे लिहाल?

जमिनीखालून जाणाऱ्या उच्च दाबाच्या केबलचा कापलेला तुकडा कुठे मिळाला तर नीट पाहा. मध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या तारा, त्यांवर एक पातळ काळा थर, मग दुधी रंगाच्या पॉलिथिलीनचा जाड थर आणि त्यावर पुन्हा एक काळा थर. दुधी थर विजेला अडवतो. काळे थर कार्बनयुक्त असून ते वीज नेतात! तारांच्या उंचसखल पृष्ठभागामुळे मध्ये हवेच्या बारीक फटी राहिल्या, तर तेथे विद्युत्क्षेत्र एकवटून बारीक बारीक ठिणग्या पडतात आणि वर्षानुवर्षे आवरण पोखरत राहतात. काळा थर ते सगळे खाचखळगे बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करतो. केबलचा जोड करणाऱ्या कारागिराला वरचा काळा थर ठरावीक लांबीपर्यंत पूर्ण सोलून ती जागा स्वच्छ पुसावी लागते. 'काळे असले तरी प्लॅस्टिकच ते' असे म्हणून त्याने थोडा थर तसाच ठेवला, तर जोड जळतो. या कामावर उद्या जाणारा मुलगा आज तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर बसलेला असेल. त्याच्या डोक्यात आपण कोणते वाक्य घालून पाठवतो, हा माझ्या दृष्टीने एका गुणाचा प्रश्न नाही.

हा झाला धोका. उपयोगाच्या बाजूला गंमतही पुष्कळ आहे. पॉलिथिलीनमध्ये उंबरठ्याच्या थोडा वर कार्बन घाला. जास्त प्रवाह गेला की ते तापते. सुमारे १३० अंश सेल्सिअसजवळ त्यातील स्फटिक वितळून पदार्थ फुगतो, कण एकमेकांपासून दूर होतात आणि वाटा तुटतात. ओढ्याला पूर येऊन दगड बुडाले म्हणा! रोध हजारो पटींनी वाढून प्रवाह जवळजवळ थांबतो. थंड झाल्यावर वाटा पुन्हा जुळतात. बॅटऱ्यांच्या संचात आणि संगणकात असे पुनःपुन्हा वापरता येणारे फ्यूज असतात. साधा फ्यूज एकदा वितळला की बदलावा लागतो. हा स्वतःच सावरतो.

टायरच्या गोष्टीलाही एक वळण आहे. इंधन कमी जळावे म्हणून १९९२ पासून मिशेलिन कंपनीने आणि मग इतरांनीही टायरच्या धावपट्टीत काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका घालायला सुरुवात केली. टायर सुधारले, पण सिलिका वीज नेत नाही. तेव्हा गाडीवर साचलेली स्थिरविद्युत् जमिनीत जाण्याची वाट बंद झाली. आजवर काजळी गुपचूप करीत असलेले काम ती गेल्यावर लक्षात आले. मग अशा टायरांच्या धावपट्टीतून कार्बनयुक्त रबराची एक अरुंद पट्टी आरपार घालण्यात येऊ लागली.

माझ्या या म्हणण्यावर शिक्षकबंधू आणि भगिनी काय म्हणतील याची मला कल्पना आहे. 'अहो, लहान मुलाला साधा नियमच सांगावा लागतो. सगळेच अवलंबून आहे असे सांगितले तर तो विजेच्या तारेला काठी लावील की नाही?' हे मला पूर्ण मान्य आहे. चौथीच्या मुलाला सांगावे, की विजेच्या वस्तूला ओल्या हाताने शिवू नकोस, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नकोस. पण तो सावधगिरीचा नियम झाला. त्यासाठी 'रबर दुर्वाहक आहे' हे वाक्य लागत नाही, उलट ते आडच येते. 'वेळ कुठे आहे, अभ्यासक्रम संपत नाही' ही दुसरी तक्रार. तीही खरी आहे. म्हणून मी नवा धडा मागत नाही. असलेल्याच प्रयोगात दिव्यानंतर एकदा एलईडी आणि एकदा मल्टिमीटर लावा, आणि तक्त्यात 'सुवाहक की दुर्वाहक' याऐवजी 'रोध किती' असा रकाना करा, एवढेच. परीक्षेत एखाद्या मुलीने 'रबर दुर्वाहक असते, परंतु कार्बन मिसळलेले रबर वीज नेऊ शकते' असे लिहिले, तर तिचा गुण कापू नका. ती पुस्तकाच्या पुढे गेली आहे.

ज्या वर्गाला आठवड्यातील एक तास मोकळा मिळेल त्यांनी उंबरठा स्वतःच शोधावा. १९७१ साली लास्ट आणि थाउलेस या दोघांनी ग्राफाइटचा थर दिलेल्या कागदाला कशीही भोके पाडत जाऊन त्याची संवाहकता कशी घटते ते मोजले होते. त्यांतील डेव्हिड थाउलेस यांना पुढे २०१६ साली, वेगळ्या संशोधनासाठी, भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण उलटे करू : भोके पाडण्याऐवजी कार्बन भरू. कागदावर २० गुणिले २० अशी ४०० घरे आखा. डाव्या आणि उजव्या कडेला मऊ शिसाच्या, ४बी किंवा ६बी पेन्सिलीने जाड पट्टा गिरवा. मल्टिमीटरची टोके या पट्ट्यांना लावायची. (पेन्सिलीचे शिसे हेसुद्धा संमिश्रच, ग्राफाइट आणि माती यांचे. कठीण पेन्सिलीत माती जास्त असते, म्हणून ती येथे उपयोगी नाही.) १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्यांचे दोन डबे करा. एका डब्यातील चिठ्ठी ओळ सांगेल, दुसऱ्यातील रकाना. चिठ्ठी वाचून झाली की परत डब्यात टाका. आलेले घर घोटून काळे करा. आधीच काळे असेल तर पुन्हा चिठ्ठी काढा. शेजारच्या काळ्या घरांच्या बाजू एकमेकींना भिडल्या पाहिजेत, पण कोपऱ्याला कोपरा लागू देऊ नका. त्यासाठी कोपरे किंचित गोल सोडा. दर दहा घरांनंतर रोध मोजा, आणि दोनशे घरे झाली की प्रत्येक घरानंतर. प्रयोग मल्टिमीटरच्या स्वतःच्या बॅटरीवरच करावयाचा आहे. घरातील विजेशी त्याचा संबंध येऊ देऊ नका.

चौकटी फार मोठ्या संख्येने असत्या तर अशा जाळीत शेकडा ५९ घरे भरल्यावर वाट जुळते. म्हणजे ४०० मध्ये सुमारे २३६. तुमच्या कागदावर ती २२० ला जुळेल किंवा २५० ला. चार गटांचे चार आकडे येतील आणि त्यांत चूक कुणाचीच नसेल. रोधाचा पहिला आकडा कितव्या घराला उमटला ते प्रत्येक गटाने फळ्यावर लिहावे, त्यांची सरासरी काढावी, आणि मग शेवटी भरलेले ते एकच घर खोडरबराने पुसून पुन्हा मोजावे.